सागरोबाचे रान : जंगल कायदा मोडणाऱ्या मुलुखात उभे राहिलेले अभयारण्य

१/ पलूसच्या वायव्येस, कुंडल मागे टाकले की बुटक्या डोंगरांची एक रांग लागते. तिच्या एका अंगाला कृष्णेचे खोरे, दुसऱ्या अंगाला सोनहिरा ओढ्याचे. या रांगेवर १०.८७ चौरस किलोमीटरचे एक अभयारण्य आहे : सागरेश्वर. कडेगाव, वाळवे आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमा तेथे मिळतात. हा धागा त्या रानाचा इतिहास सांगण्यासाठी आहे.

२/ अभयारण्य म्हटले की आपल्या मनात एक ठरलेले चित्र येते. जुने अरण्य होते, त्यावर संकट आले, शासनाने ते राखले. सागरेश्वराची कथा उलटी आहे. येथे राखण्याजोगे अरण्य उरले नव्हते. डोंगर उघडा होता. झाडे लावली गेली, प्राणी बाहेरून आणून सोडले गेले आणि १९८५ साली या लावलेल्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला.

३/ याहून मोठे नवल वेगळेच आहे. ज्या मुलुखात हे घडले, त्या मुलुखाने १९३० साली सरकारचे जंगल कायदे उघडपणे मोडले होते. ‘जंगलाभोवती सरकारने कुंपण घालू नये’ म्हणून येथील माणसे तुरुंगात गेली. पुढच्या ५५ वर्षांत त्याच मुलुखातील एक स्वातंत्र्यसैनिक ‘या डोंगराला संरक्षण द्या’ म्हणून सरकारच्या मागे लागतो. या दोन टोकांमध्ये काय बदलले, हा खरा प्रश्न आहे.

४/ आधी नावाचा उलगडा. समुद्र येथून सरळ रेषेत मोजला तरी शंभराहून अधिक किलोमीटर दूर. मध्ये सह्याद्रीची भिंत. तरीही पायथ्याच्या देवराष्ट्रे गावी सागरेश्वर आहे आणि समुद्रेश्वरही आहे. सागरेश्वर हा चाळीस-पन्नास लहानमोठ्या देवळांचा समूह. श्रावणी सोमवारी तेथे माणसांची रीघ लागते. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र संस्कृत नाव फारसे नसते. ते म्हणतात, सागरोबा.

५/ देवराष्ट्रे या नावाने इतिहासकारांनाही एकदा चकवा दिला आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयाग येथील स्तंभलेखात दक्षिणेतील पराभूत राजांची यादी आहे. तीत ‘देवराष्ट्राचा कुबेर’ असा उल्लेख येतो. फ्लीट यांनी हे देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र असे मानले आणि या मताच्या पुष्टीसाठी आपल्या देवराष्ट्रे गावाचा दाखला दिला जाऊ लागला. पुढे जूव्हो-दुब्रॉय यांनी हे देवराष्ट्र पूर्व किनाऱ्यावर, विशाखापट्टणमजवळच्या यलमंचिली परिसरात असल्याचे दाखवले. आज तेच मत सर्वसाधारणपणे मान्य आहे.

६/ म्हणजे समुद्रगुप्ताचे देवराष्ट्र खरोखर समुद्रकाठी होते आणि आपले देवराष्ट्रे केवळ नावापुरते सागराचे. गावकऱ्यांनी यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. गावाची कीर्ती दुसऱ्या एका कारणाने झाली.

७/ १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या नावाची हकिकत सांगितली आहे. बाळंतपणात आई विठाबाई यांचा जीव धोक्यात आला. आजीने सागरोबाला साकडे घातले की मुलीला वाचव, मला यश दे. आई वाचली आणि मुलाचे नाव यशवंत ठेवले गेले. १९८४ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतराव गेले. पुढच्याच वर्षी अभयारण्य जाहीर झाले. आज ते यशवंतराव चव्हाण यांच्याच नावाने ओळखले जाते.

८/ आता डोंगराकडे वळू. हा सारा प्रदेश तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन स्वभाव होते. पश्चिमेला कोयना-वारणेचा घाटमाथा, जेथे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. पूर्वेला पर्जन्यछाया, जेथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे म्हणावे. सागरोबाचा डोंगर या दुसऱ्या भागातला.

९/ पाऊस कमी असला तरी येथील खडकात पाणी मुळीच नव्हते असे नाही. कुंडलच्या डोंगरातील झरी पार्श्वनाथ हे जैन तीर्थ पाहा. गुहेत पार्श्वनाथांची मूर्ती आहे आणि वर खडकातून पाणी झिरपत राहते, म्हणून ‘झरी’. काळ्या बसाल्टच्या थरांमध्ये मुरलेले पाणी असे कुठे तरी वाट काढते. पण मुरण्यासाठी ते आधी डोंगरावर थांबावे लागते. उघड्या डोंगरावर पाणी थांबत नाही, ते माती घेऊन खाली धावते.

१०/ डोंगर किती उघडे होते, याची एक साक्ष याच तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली. १९१० साली तेथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. जमीन कशी होती? खडकाळ, निवडुंगाने भरलेली आणि सापांचा सुळसुळाट असलेली. किर्लोस्करवाडीच्या प्रत्येक आठवणीत हा निवडुंग आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला या भागातील पडीक जमीन म्हणजे निवडुंग, एवढेच डोळ्यांसमोर येत असे.

११/ डोंगर उघडा कोणी केला, याचे उत्तर एका नावात देता येत नाही. चूल, चुना, वीट, कोळसा, गुऱ्हाळ, घराचे वासे, औतकाठी : शेतकरी समाजाला लाकूड सतत लागते. त्यात शेळ्यामेंढ्यांची चराई. पण गावाचा वापर हीच एक गोष्ट सांगून थांबणे अन्यायाचे ठरेल. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने जंगले ‘राखीव’ केली आणि गावाचा त्यांवरचा जुना वहिवाटीचा हक्क सवलतीच्या पातळीवर आणला. जे रान आपले उरले नाही ते कोण जपणार?

१२/ ही तक्रार १९३० च्या कितीतरी आधीची आहे. मूळ कटगुणच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच घराण्यातील महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर कोरडे ओढले आहेत. पूर्वी शेतकरी गावच्या गायरानात, डोंगरदऱ्यांत जनावरे चारून, पानफूल, फळे आणि सरपण गोळा करून दिवस काढी. वनखात्याने हे सर्व आपल्या घशात घातले, असा त्यांचा आशय आहे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. प्रश्न मात्र नेमका मांडला गेला होता.

१३/ १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सातारा जिल्ह्यापुढे अडचण होती. मीठ करायला समुद्र हवा आणि तो सह्याद्रीपलीकडे. (सागरेश्वर होता, पण तो कामाचा नव्हता.) मग महाराष्ट्राच्या अंतर्भागाने आपले ‘मीठ’ शोधले ते जंगलात. राखीव रानात शिरून गवत कापायचे, झाड तोडायचे आणि अटक करून घ्यायची. शिराळ्याकडील बिळाशी येथे लोकांनी सागवान तोडले, तिरंगा उभारला, पोलिसांचा मार सोसला. स्त्रिया त्यात पुढे होत्या. वाळवे तालुक्यात कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्षनेही जंगल सत्याग्रह केला.

१४/ या सत्याग्रहींना वृक्षद्वेष्टे ठरवणे म्हणजे दांडीयात्रेला मीठचोरी म्हणणे होय. त्यांची कुऱ्हाड झाडावर पडली, पण निशाणा कायदा होता. रान कोणाचे, हा तो वाद. आजच्या पर्यावरणविषयक लेखनात जंगल सत्याग्रहाचा उल्लेख फार क्वचित येतो. बहुधा झाड तोडणारा नायक आपल्याला अडचणीचा वाटतो.

१५/ १९४२ नंतर हाच मुलूख प्रतिसरकारचा झाला. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावे सांगली-साताऱ्यात अजून घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. कुंडल हे या चळवळीचे ठाणे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, त्यात कुंडलची तुफान सेना होती. कुंडल औंध संस्थानात मोडत असे आणि भोवतालची बरीच गावे ब्रिटिश हद्दीत. भूमिगतांना हद्द ओलांडणे सोयीचे जाई. डोंगर, ऊस आणि घळी त्यांना आसरा देत.

१६/ स्वातंत्र्यानंतर या पिढीपुढे एक अवघड गोष्ट उभी राहिली. सरकार आपले झाले, पण डोंगर तसाच राहिला. खाली कृष्णेवर उपसा योजना झाल्या, ऊस वाढला, साखर कारखाने आले, पलूसच्या बाजूला द्राक्षबागा उभ्या राहिल्या. वर मात्र मुरूम. १९७२ च्या दुष्काळाने हे सर्वांच्या डोळ्यांत घातले. लोक खडी फोडायला रस्त्यावर आले. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली, ते वि. स. पागे शेजारच्या तासगाव तालुक्यातले, हे येथे आठवावे. माणसाला काम आणि जमिनीला उपचार या दोन गोष्टी एकत्र बांधता येतात, हा विचार या मातीत आधीच रुजला होता.

१७/ या पार्श्वभूमीवर धों. म. मोहिते यांचे नाव येते. याच परिसरातील स्वातंत्र्यसैनिक. लोक त्यांना ‘वृक्षमित्र’ म्हणून ओळखतात. सागरेश्वराचा उघडा डोंगर पुन्हा हिरवा करायचा, त्यावर वन्यप्राणी आणायचे, हा ध्यास त्यांनी घेतला आणि वनखात्याला तो घ्यायला लावला. महाराष्ट्रातील या मानवनिर्मित अभयारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. कार्यालयातून आखलेला प्रकल्प आणि एखाद्या माणसाने मागे लागून करवून घेतलेला प्रकल्प यांत फरक असतो. दुसऱ्यात विसर पडू न देणारा कोणी तरी असतो.

१८/ उघड्या डोंगरावर रान उभे करणे म्हणजे काय, ते थोडे सांगतो, कारण ‘वृक्षारोपण’ या शब्दाने त्याची कल्पना येत नाही. पावसाचे पाणी अडावे म्हणून उताराला आडवे समतल चर खणायचे. मुरमात पहारीने खड्डे घ्यायचे, त्यांत खालून आणलेली माती भरायची. रोपे मृगाच्या आगेमागे लावायची. मग खरी परीक्षा : डिसेंबरनंतरचे सहा महिने. शेळीचे तोंड लागू द्यायचे नाही. गवत वाळले की वणवा लागतो, म्हणून जाळरेषा काढायच्या. पहिला उन्हाळा निभावलेले रोप दुसऱ्या उन्हाळ्यात मरू शकते. फलक लावणाऱ्याचे काम एका दिवसात होते, वनमजुराचे काम होत नाही.

१९/ रान वाढले ते आपल्या पावसाच्या मापाने. सागरेश्वरी जाऊन कोयनेची सावली शोधू नये. हे शुष्क पानझडी आणि काटेरी रान आहे. बाभूळ, खैर, बोर, कडुनिंब अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे येथे शोभतात. एप्रिलमध्ये ते करपल्यासारखे दिसते आणि जूनअखेरीस ओळखू येणार नाही इतके पालटते. सांबर आणि चितळ आणून सोडले गेले. काळवीट हा तर या दख्खनी माळाचा मूळचाच रहिवासी. कोल्हा, तरस, साळिंदर, रानडुक्कर हेही येथे आहेत.

२०/ बारमाही पाण्याचा झरा मात्र अभयारण्यात नाही. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. डोंगराच्या कड्यावरून खाली पाहिले तर उसाच्या हिरव्या पट्ट्यातून कृष्णा वळणे घेत जाताना दिसते, आणि ताकारी योजनेने तिचे पाणी उचलून याच परिसरातून पुढच्या कोरड्या तालुक्यांकडे नेले आहे. हरणाला ते दिसते, मिळत नाही. मिळवायचे तर कुंपण ओलांडावे लागते.

२१/ १९८५ हे वर्षही लक्षात घेण्याजोगे. त्याच वर्षी कोयना आणि चांदोली ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. कोयना-चांदोलीत जुने अरण्य होते आणि धरणांच्या फुगवट्याने विस्थापित झालेली गावे होती. सागरेश्वर आकाराने त्यांच्यापुढे काहीच नाही. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान ३१७ चौरस किलोमीटरांचे, सागरेश्वर त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढे. पण पडीक ठरवलेल्या जमिनीचे अभयारण्य होऊ शकते, हे त्याच वर्षी याच छोट्या डोंगराने दाखवले.

२२/ येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ‘पडीक’ हा महसुलाचा शब्द आहे, निसर्गाचा नव्हे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. पण दख्खनचा माळ ही स्वतः एक जिवंत व्यवस्था आहे. गवत, काटेरी झुडपे, काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, माळढोक यांचे ते घर. तिच्यावर सरसकट झाडे लावली की माळ जातो. त्या काळी राज्यभर सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी यांची जी लागवड झाली, तिने अनेक ठिकाणी हे नुकसान केले. आज अभ्यासक गवताळ माळांच्या बाजूने बोलतात, ते उगाच नाही.

२३/ मग सागरेश्वर ही चूक ठरते का? मला तसे वाटत नाही. माती वाहून गेलेला मुरमाड उतार आणि नांदता माळ यांत अंतर आहे. शिवाय अकरा चौरस किलोमीटरांच्या या तुकड्याने भोवतीच्या बागायती खोऱ्यात वन्यजीवांना पाय ठेवायला जागा दिली. एरवी सांगली जिल्ह्याच्या या पट्ट्यात ऊस आणि द्राक्षे यांखेरीज काय उरले आहे? मात्र येथून धडा घेऊन दिसेल तो माळ खणावा, असे कोणी म्हणू लागले तर त्याला अडवले पाहिजे.

२४/ खरा पेच कुंपणावर आहे. चितळ-सांबरांची संख्या आटोक्यात ठेवील असा मोठा शिकारी प्राणी येथे आणलेला नव्हता. हरणे वाढली, रान तेवढेच राहिले. जाळीच्या कुंपणात फट सापडली की कळप रात्री खाली उतरतो. खाली भुईमूग, ज्वारी, भाजीपाला, उसाचा कोवळा खोडवा. सकाळी शेतकरी बांधावर येतो तेव्हा रोपांचे शेंडे गेलेले असतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पंचनामा, सातबारा, अर्ज, फेऱ्या हेही त्या तरतुदीबरोबर येतात. गुंठ्यांत शेती असलेल्या माणसाचा हिशेब यात नेहमी तोट्याचा.

२५/ म्हणजे १८८३ चा प्रश्न संपला नाही, उलटून आला. तेव्हा राखीव रान शेतकऱ्याच्या जनावरांना आत येऊ देत नव्हते. आता राखीव रानातली जनावरे शेतकऱ्याच्या शेतात येतात. चराईला डोंगर बंद झाला, त्याचा भार मेंढपाळांवर आणि शेळी पाळणाऱ्या भूमिहीन घरांवर पडला. त्यांची बाजू मांडणारा ‘असूड’ मात्र नव्याने कोणी लिहिलेला नाही.

२६/ किनाऱ्यावरचे एक उदाहरण शेजारी ठेवतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने समुद्री कासवांची घरटी जपण्यास सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला लोक येतात, गावात राहतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात. कासव पाहुण्यासारखे येते, अंडी घालते, जाते. ते कोणाचे पीक खात नाही. वेळासला संवर्धनातून चार पैसे मिळतात आणि सागरेश्वराच्या पायथ्याला चार पैसे जातात. गावाच्या उत्साहातला फरक शोधायचा तर आधी येथे पाहावे, माणसांच्या ‘मानसिकते’त नंतर.

२७/ पलूसच्या दुसऱ्या अंगालाही, नदीत, असाच पेच आहे. औदुंबर, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. त्यांना कोणी आणून सोडले नाही, त्या नदीच्याच. (मगरीच्या शास्त्रीय नावात ‘पॅलुस्ट्रिस’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ दलदलीतली. पलूसशी संबंध नाही, पण पलूसकराला तो ऐकून हसू येतेच.) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले. नदीकाठी पोहणाऱ्यांवर आणि धुणे धुणाऱ्यांवर हल्लेही झाले आहेत. पाणंद नदीवर जाते आणि मगर उन्हाला काठावर येते. दोघांचा घाट एकच.

२८/ पुन्हा कुंडलकडे येऊ. ज्या गावाने ब्रिटिश सरकारच्या तिजोरीला आव्हान दिले, त्या गावी आज वनाधिकाऱ्यांना शिकवणारी राज्याची प्रबोधिनी आहे. दूरदूरचे तरुण अधिकारी तेथे वनकायदा, सर्वेक्षण, वणव्याचे नियंत्रण शिकतात. त्यांच्या अभ्यासात बिळाशी आणि रेठरे हरणाक्ष यांचा एखादा तास असावा, अशी माझी इच्छा आहे. जे कलम आपण उद्या लावणार, त्याविरुद्ध याच मुलुखात लोक का उभे राहिले होते, हे माहीत असलेला अधिकारी पंचनाम्याला जरा वेगळ्या नजरेने जाईल.

२९/ शेवटची नोंद हरणांची. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून झाला. जुने, घनदाट अरण्य, पण वाघाला पुरेसे भक्ष्य नाही, ही त्याची उणीव. अलीकडच्या वर्षांत वनविभागाने सागरेश्वरातील हरणे पकडून चांदोलीत सोडण्याचा मार्ग धरला आहे. पकडण्याची पद्धत सावकाशीची आहे. निमुळत्या कुंपणातून, चाऱ्याच्या ओढीने कळप आत येतो आणि न घाबरता वाहनात चढतो. धों. म. मोहिते यांच्या उघड्या डोंगरावर जन्मलेली हरणे आता वारणेच्या खोऱ्यात, आपण होऊन वाढलेल्या रानात चरत आहेत.